ब्लॉकवरची विभूती

हेड उचललं की आधी वास येतो. जळक्या ऑइलचा, गंजलेल्या पाण्याचा आणि करपलेल्या पॅकिंगचा, तिन्ही एकात एक. ज्यांनी तो घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी घेतला त्यांच्या केसांतून तो जात नाही. परवा एका जीपचं हेड उतरवून मी बाकड्यावर ठेवलं, वाकून ब्लॉककडे पाहिलं, आणि तो वास असा काही नाकात शिरला की पन्नाशीची मी क्षणभर एकोणीस वर्षांची झाले. एकोणीस वर्षांची आणि घाईत. या गॅरेजातून मी आयुष्यात एकदाच घाईने बाहेर पडले होते.

आमचं गॅरेज पालमला, स्टँडच्या समोर. वर पत्रा, तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला रस्ता. रस्त्याच्या पलीकडे नांदेडची गाडी लागते. तेव्हा ती सकाळी अकराला लागायची, आताही अकराच्या आसपासच लागते. कंडक्टर घंटी मारतो, गाडी मागे येते, वळते आणि जाते. तीस वर्षं मी ते वळण ऐकते आहे. ऐकते म्हणायचं कारण, हात ब्लॉकवर असले की मान वर करता येत नाही.

इंजिनाचा खालचा जड भाग म्हणजे ब्लॉक, त्याच्यावरचं झाकण म्हणजे हेड आणि दोघांच्या मधे पातळ पत्र्यासारखं बसतं ते पॅकिंग. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात. आत आग, भोवती पाणी, आणि त्या दोघांची भेट होऊ द्यायची नाही एवढंच त्याचं काम. ते उडालं की सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि गाडी रस्त्यात बसते. नवं पॅकिंग ठेवायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती आधी, ब्लॉकचा चेहरा साफ करायला. त्याला आम्ही फेसच म्हणतो. माझा स्वतःचा चेहरा मी आरशात जितका पाहिला नसेल तितके ब्लॉकचे पाहिले आहेत.

चैत लागला की हे काम वाढायचं. लगीनसराई, गळ्यापर्यंत भरलेल्या जीपा आणि रेडिएटरमध्ये ओतायला धड पाणी नाही. गॅरेजमागच्या कडुनिंबाला मोहर आलेला असायचा. त्याचा कडवट गोड वास आणि बशीतल्या रॉकेलचा वास, दोन्ही मिळून मला अजून उन्हाळा वाटतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, ब्लॉकच्या चारही बोअरांत, म्हणजे पिस्टन वरखाली होतात त्या गोल भोकांत, चिंध्यांचे बोळे कोंबायचे, आत कचरा पडू नये म्हणून. चिंध्या मायच्या जुन्या लुगड्यांच्या. एकात हिरवा काठ, एकात जांभळा, एकात आमच्या घरात कुणालाच न आवडलेला तो पिवळा. मग करवतीच्या मोडक्या पात्याला घासून केलेली खरवडणी घेऊन आप्पा जुनं पॅकिंग काढायला बसायचे. पातं आडवं धरून, अंगाने. टोक लावलं की ते माझ्या हातावर चापट मारायचे. त्या खरवडण्याचा आवाज मला तव्यावरचं करपलेलं काढल्यासारखा वाटे, आणि तो थांबला की उगाच भूक लागे.

पण आमच्या गॅरेजचं नाव झालं ते विभूतीमुळे. आमचं घर लिंगायतांचं. गळ्यात लिंग आणि कपाळावर विभूती, हे सकाळच्या चहाच्या आधीचं. आप्पांकडे विभूतीची एक गट्टी देवघरात असे आणि दुसरी पान्यांच्या पेटीत. फेस खरवडून झाला, बारीक पॉलिश पेपर फिरवून झाला, की ते पेटीतली गट्टी काढून सगळ्या ब्लॉकवर कोरडी घासायचे. काळा ब्लॉक पांढरा व्हायचा. मग त्यावरून पोलादी पट्टी ओढायची. जिथली विभूती निघाली तो भाग उंच, जिथे राहिली तिथे खड्डा. दुसरे मिस्त्री यासाठी निळा रंग वापरतात. आप्पांना हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलं होतं, आणि त्या एका गोष्टीचा त्यांना फार गर्व होता.

गिऱ्हाइकांना काय वाटायचं? आप्पा इंजिनाची पूजा करायलेत. माणसं चपला काढून उभी राहायची. एकाने नारळ आणला, तो आम्ही चटणीला वापरला. पलीकडच्या आळीतल्या मिस्त्र्याने तर काम झालेल्या इंजिनावर बाहेरून तीन बोटं ओढायला सुरुवात केली, आणि त्याचं गिऱ्हाईक वाढलं. आप्पा सगळ्यांना समजावून सांगायचे, "ही मोजायची ईभूती हाय बाबा, पुजायची न्हाई." कुणी ऐकत नसे. मला मात्र ते दर खेपेला बजावायचे, "कपाळावरची ऱ्हाऊ दे. ब्लॉकवरची पूस. कण ऱ्हायला न्हाई पायजे." पुसायचं काम माझं होतं.

पुसून झालं की शेवटी नख. डोळे मिटून आप्पा उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख सगळ्या फेसवरून फिरवायचे, पाण्याच्या भोकांच्या कडेने, दोन बोअरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून. नख अडलं तर पुन्हा पेपर. मग मला म्हणायचे, "तू बग. लागायलंय का?" मी नख फिरवायची. "न्हाई लागत." तेव्हा ते हसायचे. या शब्दाने माझं डोकं लहानपणापासून खाल्लं आहे. नख लागतं, भूक लागते, नोकरी लागते, समोर गाडी लागते, एखाद्याचा लळा लागतो. आमच्या घरात रोज उठून फक्त नखाचं विचारलं जायचं.

तर एकोणिसाव्या वर्षी मला नांदेडचं पत्र आलं. नर्सिंगच्या प्रशिक्षणाला नंबर लागला होता, राहायला वसतिगृह होतं. आप्पांनी पत्र हातात घेतलं, त्यावर ऑइलचा अंगठा उमटला. "जा की," ते म्हणाले. मायने लोखंडी ट्रंक धुऊन उन्हात ठेवली. इतकं सोपं होतं ते. कुणी अडवलं नाही, कुणी रडलं नाही. म्हणूनच मला आजही त्या दिवसाचा कुणावर राग काढता येत नाही.

निघायच्या सकाळी एक ब्लॉक उघडा होता. राणीसावरगावच्या मन्मथकाकांची जीप. काका आप्पांचे जुने गिऱ्हाईक, देवभोळे आणि बोलघेवडे. त्यांच्या नातीचं लग्न तोंडावर आलेलं आणि वऱ्हाड त्या जीपमधून जायचं होतं. आप्पांनी फेस केला, विभूती घासली, पट्टी ओढली, नख फिरवलं. "झालं. पूस अन् पॅकिंग ठेव, मी चार घास खाऊन येतो," म्हणून ते घरात गेले. मी कापड घेतलं. तेवढ्यात काका पुढे झाले. पाण्याच्या डब्यात तीन बोटं बुडवून त्यांनी ती गट्टीवर घोळली आणि दुसऱ्या व तिसऱ्या बोअरच्या मधल्या पट्टीवर ओली विभूती ओढली. तीन रेघा.

"काका, हे पुसावं लागतंय," मी म्हणाले.

"न्हाई पुसायचं, माय. नातीचं लगीन हाय. ईभूती पुसून गाडी भाईर काढतेत का?"

"आप्पा रागावतील."

"आप्पाला मी सांगतो. तू कामून अपशकुन करायलीस?"

समोरच्या हॉटेलातल्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. मी बाकीचा सगळा फेस लख्ख पुसला. त्या तीन रेघा ठेवल्या. त्यांच्यावर पॅकिंग ठेवलं. इतकीशी राख, फुंकर मारली तर उडेल, आगीपुढे तिचं काय चालणार, असं काहीतरी मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर मी मनाला काहीच सांगितलं नाही, मला फक्त अकराची गाडी दिसत होती. आप्पा हात पुसत आले. "पुसलं का?" त्यांनी विचारलं. काका विड्याला चुना लावत होते, ते आप्पांना सांगायचं विसरले. "पुसलं," मी म्हणाले. आप्पांनी हेड ठेवलं आणि मधल्या नटापासून बाहेरच्या नटांकडे आवळत गेले. मी रॉकेलने हात धुतले, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने.

नांदेडचे तीन आठवडे मला तोंडपाठ आहेत. फिनेलने पुसलेली फरशी. पहाटे नळाला येणाऱ्या पाण्याचा गुरगुरणारा आवाज. इस्त्रीच्या कापडाला येतो तो कोरडा वास. पहिल्याच दिवशी वसतिगृहाच्या बाईंनी सगळ्यांची नखं कापायला लावली. माझ्या नखांखालची काळी रेघ निघायला चार दिवस लागले, आणि निघाली तेव्हा मी हात उलटसुलट करून कितीतरी वेळ बघत बसले. खिडकीजवळची खाट मला मिळाली होती. तिथे कुणी मला अमुक मिस्त्र्याची पोरगी म्हणून ओळखत नव्हतं. मी नुसती एक मुलगी होते, आणि ते मला इतकं आवडलं की रात्री दिवा गेल्यावर एकटीच हसायची.

मग गॅरेजशेजारच्या दुकानातून फोन आला. "आप्पा म्हनायलेत, चार रोज येऊन जा."

मन्मथकाकांची जीप गॅरेजमध्ये उभी होती, हेड काढलेलं. गंगाखेडच्या अलीकडे ती भर दुपारी वऱ्हाडासकट बसली होती. माणसं मागून आलेल्या ट्रकमध्ये चढली, अक्षता वेळेवर पडल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. काका रागावलेसुद्धा नाहीत, इंजिनच जुनं म्हणाले. आप्पांनी मला ब्लॉकजवळ नेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोअरच्या मधे पॅकिंग जळून फाटलं होतं. पाणी आणि आग तिथूनच एकमेकांना भेटली होती, आणि त्यांनी राखेचा कणसुद्धा शिल्लक ठेवला नव्हता.

"इथं बग," आप्पा म्हणाले. त्यांचं बोट तिथल्या तिथे फिरत होतं. "इथं खड्डा असनार. मला लागलाच न्हाई. मी तीनदा फिरवलं व्हतं नख. बोटाचं गेलं माझ्या, पोरी."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. पण काका शेजारी उभे होते, आणि दोघांपुढे ते वाक्य तोंडातून निघेना. काका गेल्यावर सांगू, असं ठरवलं. काका गेले तेव्हा आप्पा आत जाऊन झोपले होते. दुसऱ्या दिवशी एक टेम्पो आला, त्याचं हेड उतरलं, आणि आप्पांनी नख फिरवायची वेळ आली तेव्हा हात मांडीवर ठेवले. "तू बग," म्हणाले. मी बघितलं. "लागायलंय," मी म्हणाले. खरंच लागत होतं. आप्पांनी अशा भरवशाने माझ्याकडे पाहिलं की सांगायचं ते आणखी एक दिवस मागे पडलं.

चार रोजांचे आठ झाले. आठाचा महिना कधी झाला ते कळलं नाही. एक दिवस नांदेडच्या गाडीच्या टपावरून माझी ट्रंक आली. कंडक्टरने ती गॅरेजच्या दारात ठेवली आणि मायने आत नेऊन तिच्यात गहू भरले.

त्यानंतरची वर्षं मला वेगवेगळी आठवत नाहीत. चैतातल्या जीपा, दिवाळीनंतरचे उसाचे ट्रॅक्टर, पावसाळ्यात चिखलाने माखून येणारी मळणीची इंजिनं. पत्रा उन्हात तडतडायचा आणि पावसात काही ऐकू येऊ द्यायचा नाही. दोन ठिकाणांहून मला बघायला आले. दोन्ही वेळा बायांनी माझे हात पाहिले, आणि मीही त्यांना फार काही गोड बोलले नाही. माय गेली. तिच्या लुगड्यांच्या चिंध्या पुढे दोन वर्षं पुरल्या, मग बाजारातून आणाव्या लागल्या. आप्पा नट आवळायचे, पाने द्यायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, पण फेसला त्यांनी बोट म्हणून लावलं नाही. लोक मला ताई म्हणायला लागले. बाई असून इंजिन उघडते म्हणून एक जण मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला आला, त्याला मी पाण्याची घागर भरायला पाठवलं. कौतुक झालं की माझा जीव गुदमरतो. पिंजऱ्याला कुणी चांगला रंग दिलाय म्हणावं तसं ते वाटतं.

आणि सांगायचं राहिलंच. पहिल्या वर्षी लाज होती. पाचव्या वर्षी वाटलं, आता सांगून काय. दहाव्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर हे दहा वर्षांचं काय करायचं. तीन रेघांवर मी झाकण ठेवलं होतं, आणि ते उचलायला कुठला पाना लागतो ते मला माहीत नव्हतं.

परवा मात्र त्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, एवढं घासत कामून बसलाव? नांदेडला मशीनवर फेस मारून आनतो. दोन तासाचं काम हाय."

आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्यांना धूसर दिसतं, पण दिवसभर गॅरेजात खुर्ची टाकून बसतात. मशीन म्हटल्याबरोबर ते ताठ झाले. "आमच्या पोरीच्या नखाला मशीन येत न्हाई," म्हणाले, आणि मग ती जुनी गोष्ट सुरू झाली. मन्मथकाकांची जीप, नातीचं लग्न, तीनदा फिरवलेलं नख. नव्या गिऱ्हाइकाला ते ही गोष्ट सांगतातच. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की हात न थांबवता ऐकू शकते. ड्रायव्हर हसून चहा प्यायला गेला. आप्पा थांबले नाहीत. आता ते माझ्याशी बोलत होते, किंवा कुणाशीच नाही.

"त्या दिसापासून बग," ते म्हणाले, "सकाळी पूजंला लिंग तळहातावर घेतो, अन् शंका येती. मला खरंच कळायलंय का, का नुसतं वाटायलंय? देवाला हात लावतानाबी भ्याव वाटतंय मला."

माझा हात थांबला. माझं आयुष्य अडकलं एवढंच मी इतकी वर्षं मोजत आले होते. सकाळी देवघरात तळहाताकडे बघत बसलेल्या या माणसाचं मला कधी मनातही आलं नव्हतं.

"आप्पा," मी म्हणाले, "तुमचं बोट गेलं नव्हतं."

"काय?"

मी सांगितलं. काकांची ओली बोटं, तीन रेघा, साडेदहाचं घड्याळ. पुसलं म्हणून बोलले ते खोटं. खड्डा नव्हताच कुठे. सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि त्याचंच मला रडू आलं.

आप्पा अंगठ्याने आपल्याच पहिल्या बोटाचं टोक हळूहळू चोळत होते. ओरडतील असं मला वाटलं. ओरडावं असंही वाटत होतं.

"म्हंजी मला कळत व्हतं," ते म्हणाले.

"होय, आप्पा."

"अन् मला कळतंय हे तुला ठावं व्हतं. पयल्या दिसापासून."

"होय."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. राग नव्हता त्यात. त्यांना खरोखरच समजत नव्हतं.

"मंग तू कामून ऱ्हायलीस?"

तुमच्यासाठी. हे उत्तर तीस वर्षं माझ्या तोंडात तयार होतं. मायला मी ते दिलं होतं, बघायला आलेल्या बायांना दिलं होतं, आणि स्वतःला तर रोज. आप्पांना माझी गरज नव्हती, हे ठाऊक असलेलं जगात एकच माणूस होतं, आणि तेच माणूस हे उत्तर देत आलं होतं. आप्पा वाट बघत होते.